पुराने नेले, की आपण टाकले?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर गाद्या, धान्य, पुस्तके यांचे ढीग रस्त्यावर आले. त्यांतच घरोघरचे आल्बम होते, वर्षानुवर्षे चिकटवलेल्या कात्रणांच्या वह्या होत्या. ‘पुराने नेले’ म्हणून आपण हळहळलो. हे अर्धसत्य आहे.

भिजलेले छायाचित्र लगेच मरत नाही. त्यावरील जिलेटिनचा थर फुगून चिकट होतो व काचेला किंवा शेजारच्या चित्राला धरतो. ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात ठेवून ते हलकेच सुटे करावे, पृष्ठभागास बोट न लावता सावलीत पसरावे. पुष्कळ चित्रे वाचतात. वाळल्यावर ओढू गेल्यास मात्र चेहराच सोलून निघतो. काम दोन-तीन दिवसांचे. २००५ च्या महापुरानंतर चौदा वर्षे हाती होती. एवढी माहिती घरोघर पोहोचवावी असे आपल्यापैकी कितीजणांना वाटले?

आणि हे कोणत्या भूमीत? मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेतील नोकरी सांभाळून पटवर्धनी दप्तरांतील कागद ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त प्रसिद्ध केले. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी कागदांबरोबर चित्रेही जमवली. त्यांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेथे तो टिकला, हे उपकारच. तरी साताऱ्याचा वारसा पाहावयास सातारकराने पुणे गाठावे, हे सलतेच.

सरदारांचे पत्र म्हणजे इतिहास आणि घाटावर धुणे धुणाऱ्या बाईचे छायाचित्र म्हणजे अडगळ, हा भेद आपणच केला आहे. आपल्या जुबिली स्मरणिका चाळून पाहाव्यात. व्यासपीठावरील पाहुणे पानभर. मंडप उभारणारे हात कोठेच नाहीत.

‘आता सारे मोबाइलमध्ये आहे,’ असे उत्तर मिळते. पण मोबाइलातील चित्राला पाठ नसते. आजीने मागे पेन्सिलीने लिहिलेले नाव, गाव आणि साल टिपण्याचे कष्ट कोण घेतो? नावावाचून चित्र म्हणजे अनोळखी माणसांची रांग.

तेव्हा येत्या मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, नदीकाठच्या वाचनालयांनी आल्बम आणि कात्रणवह्या मागवाव्यात, दोन्ही बाजूंच्या प्रती काढून मूळ वस्तू ज्याच्या त्याला परत कराव्यात. घरच्यांनी आपले आल्बम खालच्या कपाटातून वरच्या मजल्यावर न्यावेत. आणि एखाद्या दुपारी आजोबांच्या शेजारी बसून, बोट ठेवून विचारावे: हा कोण?