केकवरचे फूल आणि बेकरीवाल्याची जबाबदारी

मार्च लागला की बेकरीधंद्याला वेगळेच वेध लागतात. २०२५ साली तर गुढीपाडवा ३० मार्चला, रमजान ईद ३१ मार्चला आणि ईस्टर २० एप्रिलला, असे सण पाठोपाठ आले. ईद चंद्राच्या हिशोबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत जाईल, पण ईस्टर आणि वसंतातल्या साखरपुड्यांची, वाढदिवसांची मागणी काही हटत नाही. या केकवर फुले, पिल्ले, फुलपाखरे, रंगीत अंडी असा साज चढतो. मुंबई-पुण्याच्या बेकरीधंद्यात आपल्या समाजातील माणसे मोठ्या संख्येने आहेत, आणि अलीकडे घरी केक करून विकणाऱ्या आपल्या भगिनींचीही त्यात भर पडली आहे. म्हणून या साजाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

हलालच्या बाबतीत आपला बेकरीवाला जागा आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. फॉन्डंटमध्ये जिलेटिन आहे का, असल्यास ते कोणत्या जनावराचे, हा प्रश्न तो घाऊक व्यापाऱ्याला विचारतो. परदेशी रंगीत दाण्यांच्या डबीवर आयएनएस १२० हा आकडा दिसला तर तो कार्मिन, म्हणजे किड्यापासून काढलेला लाल रंग, हेही अनेकांना ठाऊक झाले आहे. (त्याच्या हलाल असण्याविषयी उलेमांत मतभेद आहेत. काही थोड्या माणसांना त्याची अ‍ॅलर्जीही होते.) परंतु हाच माणूस केक तयार झाल्यावर शेवटी मूठभर बदामाचे काप किंवा पिस्त्याचा चुरा भुरभुरतो, तेव्हा एकही प्रश्न विचारत नाही. आमची तक्रार आहे ती इथेच.

ज्या मुलाला सुक्यामेव्याचे किंवा शेंगदाण्याचे वावडे आहे, त्याच्या बाबतीत ही गोष्ट अंगावर पित्त उठण्यावर भागत नाही. घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब खाली जातो. अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले नाही तर जीव जातो. ‘हे विलायती फॅड आहे, आमच्या लहानपणी असले काही नव्हते’ असे म्हणणारे दुकानदार आम्हाला भेटतात. त्यांनी एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात तासभर बसून पाहावे.

साज बनतो कशाचा, हे एकदा नीट पाहू. ईस्टरची रंगीत अंडी मार्झिपॅनची असतात. युरोपात ते बदामाचे, गोव्यात आणि मुंबईत बहुधा काजूचे. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले असल्याने ज्याला एक सोसत नाही त्याला पुष्कळदा दुसराही सोसत नाही. शिवाय शेंगदाणा हिरवा रंगवून पिस्ता म्हणून विकण्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, म्हणजे चुऱ्यात नेमके काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसते. कडक वाळणाऱ्या रॉयल आयसिंगमध्ये अंड्याचा पांढरा बलक असतो. कंपाउंड चॉकलेटच्या फुलांत सोया लेसिथिन असते, दुधाची पावडरही असू शकते. ‘एगलेस’ची पाटी अंड्यापुरती खरी आणि ‘हलाल’ची पाटी हलालपुरती खरी. यांपैकी एकही पाटी बदामाविषयी बोलत नाही.

मग करावे काय? उत्तर आपल्या बाजारातच आहे. पाडव्याच्या साखरगाठी पाहा: साखरेचा पाक, लाकडी साचा आणि दोरा. त्याच रीतीने लहान साच्यांत फुले-पाने ओतता येतील. मात्र पाकाची मळी काढण्यासाठी पुष्कळ ठिकाणी दूध घालतात. ते टाळावे, किंवा घातले असल्यास सांगावे. संक्रांतीचा काटेरी हलवाही केकवर देखणा दिसतो, पण त्याच्या पोटात तीळ असतो. तिळाचेही वावडे असते.

नाजूक पाकळ्यांसाठी कतीरा आहे. उन्हाळ्यात सरबतात घालतो तोच. युरोपातले जुने हलवाई याच जातीचा डिंक रात्रभर भिजवून, फडक्यातून पिळून, पिठीसाखरेत मळत आणि त्याची फुले करीत. त्यात जिलेटिन नाही, अंडे नाही, दूध नाही. गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावा, लाटताना खाली मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर भुरभुरावे आणि फुले सावलीत वाळवावीत. नोझलने नक्षी काढायची असेल तर काबुली चणे शिजवलेले दाट पाणी पिठीसाखरेबरोबर फेटावे, अंड्याच्या बलकासारखेच फुगते. ही युक्ती २०१४-१५ च्या सुमारास परदेशात लोकप्रिय झाली. आपल्याकडे रमजानभर हे पाणी मोरीत जात होते! पण चण्याचीही काहींना अ‍ॅलर्जी असते, तेव्हा तेही चिठ्ठीवर लिहावेच. रंगाला बीट, हळद, पालक, गोकर्ण पुरेत. आणि दर खेपेला विलायती डॅफोडिलच का? आपल्याकडे याच दिवसांत पळस आणि पांगारा फुललेला असतो.

खरी गोम कृतीत नाही, भांड्यांत आहे. ज्या पोळपाटावर सकाळी मार्झिपॅन लाटले त्यावरच दुपारी साखरेचे फूल लाटले तर सारी मेहनत वाया. लाटणे, साचे, ब्रश, नोझल, झाकणाचा डबा, सगळे वेगळे हवे, आणि त्या दिवशीचे पहिले काम हेच हवे. ज्या छोट्या स्वयंपाकघरात काजू रोज वाटला जातो तेथे ‘अ‍ॅलर्जी-फ्री’ असे छापूच नये. ‘यात काजू-बदाम घातलेले नाहीत, पण याच खोलीत त्यांचा वापर होतो’ असे लिहावे. गिऱ्हाईक तुटेल ही भीती आम्हाला निराधार वाटते. अशा मुलाची आई खरे सांगणारे दुकान शोधत असते, आणि एकदा सापडले की दहा जणींना सांगते.

कायद्याचेही पाहावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार पॅकबंद पदार्थावर ग्लुटेनची धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्याचा वर्ग, शेंगदाणा व सुकामेवा, सोया आणि ठराविक प्रमाणावरील सल्फाइट यांचा उल्लेख सक्तीचा आहे. तीळ या यादीत नाही. काउंटरवर कापून दिलेल्या केकला तर पाकीटच नसते. २०१६ साली नताशा एदनान-लापरूझ ही १५ वर्षांची मुलगी इंग्लंडमध्ये घेतलेल्या पावाच्या पिठात मिसळलेल्या, पण वेष्टनावर न लिहिलेल्या तिळाने दगावली. त्यानंतर तेथे दुकानातच बनवून बांधलेल्या मालावरही घटक लिहिणे १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीचे झाले. कोकणातली कितीतरी कुटुंबे तिकडे आहेत, त्यांच्याकडे चौकशी करता येईल.

पण आपल्याला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घालून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आतला ओलावा पाहिला आणि तो लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही म्हणून विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपण सगळे सांगतो. केकच्या डब्यावरची घटकांची चिठ्ठी म्हणजे तेच धान्य वर ठेवणे होय.

धंद्याच्या दृष्टीने एक सोय अशी की साखरेची वाळलेली फुले महिना-दोन महिने टिकतात. घरच्या घरी चार भगिनींनी मिळून ती करावीत आणि बेकऱ्यांना डझनावर पुरवावीत. बेकरीवाल्याला वेगळे लाटणे ठेवण्याचाही त्रास नाही, फक्त फूल ठेवताना हात आणि चिमटा स्वच्छ हवा. माल जानेवारी ते मे या काळात करून हवाबंद डब्यात भरावा. जूनमध्ये हवा दमट झाली की मुंबईत आणि कोकणात साखर पाणी धरते, पाकळी वाळतच नाही.