कॅमेरा घ्यायचा, पण कुणाकडून?

आमची अम्मी फोटोला बसत नाही. पण थोरल्या नातीच्या मेंदीच्या रात्री ती आपणहून धाकटीला म्हणाली, "ये, काढ माझापण एक." बायकांच्या बैठकीत बाहेरचा फोटोग्राफर नको, म्हणून कॅमेरा घरच्याच मुलीच्या हातात होता. तिनं नानीचे चांगले वीसेक फोटो काढले. दुसऱ्या दिवशी कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तर हळदीचे फोटो नीट, मेंदीची एकही फाईल उघडेना.

कार्डावर १२८ जीबी छापलं होतं. आत जेमतेम ८ जीबी जागा निघाली. बनावट कार्ड कॅमेऱ्याला खोटाच आकडा सांगतं. जागा संपली तरी कॅमेरा फोटो घेत राहतो, ते साठत मात्र कुठंच नाहीत. हे कार्ड आम्हीच आणलं होतं, बिलाशिवाय, दोनेकशे रुपये वाचवून. दुकानात तक्रार घेऊन गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "बिल आहे का?"

भाचीनं पुढे कितीतरी दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग एक दिवस म्हणाली, "मामू, मला एक चांगली लेन्स घ्यायची आहे. पण दुकान तुम्ही नका निवडू."

दुकान कसं शोधायचं, तेही तिनंच ठरवलं. चिपळुणात लग्नाचे फोटो काढणाऱ्या तिघांकडे ती गेली. काय घेऊ, हे तिनं विचारलंच नाही. कॅमेरा बिघडला की कुठं नेता, एवढंच विचारलं. तिघांनीही मुंबईतला बोरा बाजार सांगितला आणि दोघांच्या तोंडी दुकानही एकच आलं. ज्याचं पोट कॅमेऱ्यावर आहे तो जिथं पुन्हा पुन्हा जातो, त्या दुकानाला वेगळी जाहिरात लागत नाही.

रात्रीची कोकणकन्या पकडून पहाटे सीएसएमटीला उतरलो. (कामाच्या दिवशीच जावं, रविवारी फोर्टातली बहुतेक दुकानं बंद असतात.) स्टेशनसमोरचा दादाभाई नौरोजी रस्ता ओलांडला की मागच्या अंगाला बोरा बाजार. दुकानं उघडेपर्यंत दोनदा चहा झाला.

भाचीला दूरचं टिपणारी ५५-२५० ची लेन्स हवी होती. काउंटरवरच्या चाचांनी लेन्स काढलीच नाही. आधी विचारलं, "बेटा, फोटो कुठं काढतेस? उजेड किती असतो?" घरात, रात्री, ट्यूबलाइटखाली, असं तिनं सांगताच त्यांनी ५० मिलिमीटरची छोटी लेन्स पुढं ठेवली. हिचं छिद्र एफ १.८ पर्यंत उघडतं. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स तेवढ्याच झूमला ५.६ वर अडते. म्हणजे उजेड नऊ-दहा पट जास्त. शिवाय किंमत झूमपेक्षा कमी! आम्ही फिल्टरही मागितला, तर म्हणाले, तुमचा जुना ५८ चा, ही लेन्स ४९ ची, बसणार नाही. पण सध्या नकोच, लेन्सचं झाकण पुरे. गिऱ्हाइकाला 'नको' म्हणणारा दुकानदार आम्ही बऱ्याच दिवसांनी पाहिला.

बिलावर लेन्सचा सिरियल नंबर लिहिला आणि खोक्यावरच्या व लेन्सवरच्या नंबराशी आम्हालाच ताडून पाहायला लावला. वॉरंटी कंपनीची की फक्त दुकानाची, हेही उघड सांगितलं. परस्पर आयात झालेला माल स्वस्त असतो, पण त्याला कंपनीची इथली वॉरंटी सहसा मिळत नाही. नवं कार्ड घरी आल्यावर आधी काठोकाठ भरून, फाईली परत उघडून बघा, मगच लग्नाला न्या, असं त्यांनी बजावलं.

निघताना त्यांनी जुनी लेन्स उजेडासमोर धरली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बुरशी! कोकणातला पावसाळा आणि कपाटातली चामड्याची पिशवी, दुसरं काय होणार. साफ करून मिळाली, पण काचेवर किंचित डाग राहिलाच.

आता लेन्सा आमच्या स्वयंपाकघरातल्या घट्ट झाकणाच्या डब्यात असतात, सोबत सिलिका जेलची पुरचुंडी. निळे दाणे गुलाबी झाले की ओल धरली समजायचं. मंद आचेवर कोरडे केले की पुन्हा निळे. ते काम अम्मीनं स्वतःकडे घेतलंय. फोटोला मात्र अजून बसलेली नाही. भाचीनं दोनदा विचारून पाहिलं. "आता ईदला बघू," म्हणते.