पेणने विचारायला लावले, रोह्याला कुणी विचारले?



कापूस-ज्वारीच्या माणसाने कोकणातल्या नदीची काळजी का करावी? तिकडे धो धो पाऊस, भाताची खाचरे. आपल्याकडे मृग कोरडा गेला की दुबार पेरणीचे संकट. हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. म्हणून आधी पाण्याचा हिशेब करू.

रोह्याची कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहते. कारण तिच्यात घाटावरचे पाणी आहे. मुळशीला मुळा नदी अडवली, पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला पाडले आणि १९२७ पासून त्यावर मुंबईसाठी वीज तयार होऊ लागली. वीज काढून झाली की ते पाणी कुंडलिकेत सुटते. मुळेचा उतार पूर्वेचा. ती अडवली नसती तर हेच पाणी भीमेतून सोलापूरच्या ज्वारीच्या मुलखाकडे गेले असते. मुळशीचे शेतकरी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहात उभे राहिले. तरी जमीन बुडाली. आणि खालच्या अंगाच्या ज्वारीवाल्याला आपले काय गेले याचा पत्ताही लागला नाही. तेव्हा कुंडलिका परकी नाही. तिच्यात आपलेही पाणी आहे.

या बारमाही पाण्याच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली. कारखाने मुख्यतः रसायनांचे. रोह्यातल्या काही घरांना पगार मिळाला, ते नाकारायचे कारण नाही. पण नदीचे काय झाले? २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ३५१ दूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. आरे खुर्द ते साळाव हा कुंडलिकेचा पट्टा त्या यादीत आहे. परवाने देणारे सरकार, तपासणी करणारे सरकार आणि नदी नासली असे सांगणारेही सरकारच! काठावरच्या शेतकऱ्याला आणि खाडीवर जाळे टाकणाऱ्या कोळ्याला मात्र आधी कुणी विचारले नाही.

आता शेजारच्या पेण तालुक्याकडे बघा. तिथे भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण झाले. पाणी शेतकऱ्याच्या नावाने अडवले. कालवे अर्धवट राहिले. नवी मुंबईकडे जाणारी जलवाहिनी मात्र पुरी झाली. पुढे २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्राचा कायदा आला आणि पेण, उरण, पनवेल तालुक्यांतली ४५ गावे रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी घ्यायचे ठरले. हत्यार इंग्रजांचेच, १८९४ चा भूसंपादन कायदा. म्हणजे ज्या शेताला पाणी देऊ म्हणून धरण बांधले, त्याला पाणी द्यायचे नाही, आणि मग तेच शेत उचलून कंपनीला द्यायचे. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

पेणचा शेतकरी गप्प बसला नाही. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसे पुढे झाली, बायाबापड्या मोर्चात उतरल्या. धरणाच्या लाभक्षेत्रातली जमीन घेताच कशी, हा एकच प्रश्न सरकारच्या घशात अडकला. शेवटी २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला सार्वमत घ्यावे लागले. जमीन द्यायची की नाही, हे शेतकऱ्याने मतपेटीत टाकून सांगितले. गावांनी ठणकावून नाही म्हटले. सरकारने निकाल जाहीर करायला टाळाटाळ केली. पण लोकांनी संमतीचे कागद दिले नाहीत, मुदत निघून गेली आणि २००९ साली ते भूसंपादन रद्द झाले.

काही शहाणे म्हणतील, मग पोरांना नोकऱ्या कुठून? भावांनो, कारखान्याशी आपले वैर नाही. ज्याला जमीन विकायची त्याने मनाजोगत्या भावाने जरूर विकावी. वैर आहे ते न विचारता घेण्याशी. विकणाऱ्याला नाही म्हणता येत नसेल, तर तो सौदा नव्हे, दरोडा आहे.

हा दरोडा फक्त कोकणात पडतो असे समजू नका. अप्पर वर्धा धरण कापसाच्या मुलखाला ओलीत मिळावे म्हणून झाले. त्याचे पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला द्यायचे ठरले तेव्हा अमरावतीचे शेतकरी रस्त्यावर आले. उत्तर काय मिळाले? मंत्र्यांच्या समितीने सिंचनाचे पाणी उद्योगांना देण्याचे जे निर्णय घेतले होते, ते २०११ साली विधिमंडळात कायदा बदलून पक्के करण्यात आले.

जमिनीचेही तेच. १८९४ चा कायदा गेला, २०१३ चा आला. खाजगी कंपनीसाठी ८० टक्के जमीनधारकांची संमती लागेल असे त्यात लिहिले. पण २०१८ साली महाराष्ट्राने दुरुस्ती करून कित्येक प्रकल्पांसाठी पळवाट काढली. औद्योगिक महामंडळ तर आपल्या १९६१ च्या कायद्याने जमीन घेते, तिथे या संमतीची अटच नाही.

म्हणून या मेळाव्यातून घरी जाताना दोन कामे घेऊन जा. पहिले, आपल्या भागातल्या धरणाचे किती पाणी शेतीला आणि किती उद्योगाला मंजूर आहे, हे माहिती अधिकारात लेखी मागा. दुसरे, ग्रामसभेत ठराव करा: गावाचे मत घेतल्याशिवाय गावची जमीन जाणार नाही आणि नदीत सांडपाणी सुटणार नाही. ठरावाने सरकार लगेच हलेल या भ्रमात राहू नका. पेणलाही नुसत्या मतपेटीने काम झाले नाही. मतामागे सही न करणारे हात होते, म्हणून झाले.

रोह्याची नदी नासली तेव्हा कुणी विचारले नाही. पेणने विचारायला लावले. आपल्या शिवारावर मोजणीवाले येतील तेव्हा आपण रोहा व्हायचे की पेण, हे आजच ठरवा.