तळ्यावरची होडी

गेल्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही घरी परतलो, तो ओट्यावर एक माउली वाट पाहत बसलेली. तिचा धाकटा मुलगा कॅनडात मॅनिटोबा प्रांती नोकरीस आहे. यंदाच्या हंगामात मित्रांच्या नादाने त्यास बदकांच्या शिकारीचा छंद लागला आणि आता स्वतःची एक लहानशी होडी घ्यावी असे त्याच्या मनात आले. त्याने तीन होड्यांची चित्रे आईच्या फोनवर धाडली होती. माउली म्हणाली, "फादर, तुम्ही तिकडे राहून आलात. यातली कोणती बुडणार नाही तेवढे सांगा."

विनिपेगजवळ आम्ही एक शरद ऋतू काढला आहे खरा. त्या मैदानी मुलखात हिमयुगाने मागे ठेवलेली असंख्य उथळ डबकी व तळी आहेत. उत्तर अमेरिकेतील बदकांचा फार मोठा भाग याच पट्ट्यात पिले काढतो. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे थापट्या आणि तलवार बदक याच जातीचे, मात्र ते उत्तर आशियातून येतात. येथे त्यांवर बंदूक रोखणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा १९७२ सालचा. तिकडे परवाना व त्यावरील तिकीट घेऊन ठराविक दिवसांत ठराविक पक्षी मारता येतात. आणि १९९९ पासून शिशाचे छर्रे पाणपक्ष्यांसाठी देशभर वर्ज्य आहेत, कारण चिखलात पडलेले शिसे गिळून पक्षी मरत.

आता होडीकडे वळू. पहिले चित्र ॲल्युमिनियमच्या सपाट तळाच्या, बारा फुटी होडीचे होते. ती स्थिर खरी. परंतु एकट्याने उचलण्याजोगी नव्हे. मुलाने लिहिले आहे की रस्त्यापासून पाणी चारशे पावले दूर, मध्ये बोरूचे रान आणि चिखल. अशा ठिकाणी जड होडी पहिल्या रविवारी पाण्यात जाते, दुसऱ्या रविवारी गाडीवरच राहते. दुसरे चित्र अरुंद कयाकचे. ती हलकी, खांद्यावर सहज येते. आम्ही स्वतः एकदा तसल्या कयाकमध्ये बसून वळून मागे पाहिले, एवढ्याच अपराधासाठी तळ्याने आम्हांस आत घेतले. तेव्हा ऑगस्ट महिना होता म्हणून हसण्यावारी गेले. बंदुकीचा धक्का तर आडवा बसतो. आडव्या दिशेस नेम धरून बार काढला की अरुंद होडी डगमगलीच म्हणून समजावे.

तिसरी रुंद, उघडी, सपाट बुडाची कॅनो. ती सुमारे तीन फूट रुंद आणि तीसएक किलो वजनाची आहे. दोन चाकांच्या लहान गाड्यावर घालून एकटा मनुष्य ती ओढू शकतो. आमची पसंती हिलाच. तुंगभद्रेवरचा बांबूचा हरगोल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना रुंद व सपाट बुडाचा गुण निराळा सांगणे न लगे.

शिकाऱ्यांची जुनी होडी याहून ठेंगणी असे. न्यू जर्सीच्या वेस्ट क्रीक येथे हेझल्टन सीमन नामक कारागिराने १८३६ साली बारा फुटांची, वरून बहुतेक झाकलेली होडी बांधली. गवत पसरून आत पडून राहिले म्हणजे ती पाण्यावरच्या उंचवट्यासारखी दिसे. तिचे वंशज आजही विकत मिळतात, पण नवशिक्याने प्रथम वल्हे मारण्यास शिकावे, लपण्यास मागाहून.

वजनाचा हिशेब मात्र घरीच करावा. मनुष्य ऐंशी किलो, कुत्रा तीस, बंदूक, खोटी बदके व शिदोरी मिळून पंचवीस; झाले एकशे पस्तीस. होडीवरील पट्टीत दोनशे किलोंची मर्यादा लिहिलेली असेल तर ठीक. दीडशेची असेल तर घेऊ नये. कुत्रा पक्ष्यामागे उडी टाकतो तेव्हा वजन एका अंगास जाते, हे पट्टीवर लिहिलेले नसते.

माउलीचा खरा प्रश्न बुडण्याचा होता. त्याचे उत्तर होडीत नसून पाण्याच्या थंडीत आहे. मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्याचा अभ्यास करून एक, दहा, एक असा सोपा हिशेब दिला आहे. पहिले मिनिट धाप आवरण्याचे. पुढील सुमारे दहा मिनिटे हातपाय चालण्याची. आणि शुद्ध हरपण्यास सुमारे एक तास. बहुतेक लोक गारठून नव्हे, तर त्या पहिल्या मिनिटात वा हात निकामी झाल्यावर बुडतात. म्हणून जीवरक्षक जाकीट होडीत ठेवून भागत नाही, अंगातच हवे. गमबुटांसारखी ती उंच रबरी विजार पाण्याने भरली तर मनुष्यास खाली ओढते हा समज चुकीचा. पाण्यात पाण्याला भार नसतो. पण ती घालून पोहणे व काठावर चढणे अत्यंत कठीण, म्हणून कमरेस पट्टा आवळावा आणि उलटलेली होडी सोडू नये.

हे सारे आम्ही माउलीसमोरच मुलास लिहिले. होडीत उभे राहू नये, दोघे असल्यास एकानेच बार काढावा, ये-जा करताना बंदूक रिकामी असावी, आणि कोणत्या तळ्यावर जातो व केव्हा परततो हे घरमालकास सांगून निघावे, एवढे शेवटी जोडले. माउलीने ते दोनदा वाचून घेतले. मग म्हणाली, "फादर, जाकीट त्याने आधी घ्यावं, होडी नंतर, असंही लिहा." तेही लिहिले. संध्याकाळी मुलाचे उत्तर आले: जाकीट घेतले आहे, होडी पुढल्या महिन्यात, आणि आईस विचारा, बदकाचे विंदालू करताना व्हिनेगर किती घालावे.