झाडाला क्रमांक आहे, वाली नाही

आमच्या गल्लीतल्या जुन्या पर्जन्यवृक्षावर गेल्या महिन्यात एक कागद खिळ्याने ठोकलेला दिसला. प्लॅस्टिकच्या पिशवीतली जाहीर सूचना. पहिल्याच वळवात शाई फुटली. ‘हरकती सात दिवसांत’ एवढेच कसेबसे वाचता येत होते. वर वृक्षगणनेचा रंगवलेला क्रमांक मात्र ठळक होता. सूचनेत नेमका तोच दिसत नव्हता.

नागरी भागातील झाडांबाबतच्या महाराष्ट्राच्या 1975च्या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी लागते. आता जीपीएसच्या साहाय्याने झाडाची जात, घेर, उंची आणि जागा संगणकात नोंदवता येते. त्यावर पालिका खर्च करतात, नकाशे दाखवतात. पण तोडीचा अर्ज आला की ही माहिती उघडून पाहते कोण?

प्रश्न किरकोळ नाही. 2021च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून जुनी झाडे ‘हेरिटेज’ ठरतात आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. म्हणजे अर्जात पन्नाशीचे झाड तिशीचे दाखवले, की वीस रोपे वाचली आणि हेरिटेजचा अडसरही टळला. घेरावरून वयाचा अंदाज येतो; गणनेतला घेर अर्जाशेजारी ठेवला, तर ही लबाडी जागच्या जागी उघडी पडेल.

उद्यान विभागात माणसे अपुरी आहेत, हे उत्तर ठरलेले असते. ते खरेही असेल. पण मग संगणकाला हे काम लावण्याचे ते कारण झाले, टाळण्याचे नव्हे. धोकादायक फांद्या छाटण्याची परवानगीही त्यामुळे लवकर निघेल.

नवे अॅप नको, असलेलेच वापरा. गणनेचा क्रमांक नसलेला अर्ज स्वीकारू नका. सूचना झाडावर लावाच, पण त्याच दिवशी पालिकेच्या नकाशावरही दिसू द्या. बदल्यात लावलेल्या रोपांचे तारीख व जागेसह फोटो दर सहा महिन्यांनी सर्वांना पाहता यावेत, आणि रोपे जगल्याशिवाय बिल्डरची अनामत परत करू नये.

ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत उच्च न्यायालयाच्या निकालानंतर रातोरात कुऱ्हाड चालली. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. माहिती वेळेत हाती आली तरच हरकतीला अर्थ असतो. पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येक प्रस्तावासोबत त्या झाडाची गणनेतली नोंद ठेवावी, एवढ्यापासून तरी सुरुवात व्हावी.

– एक वाचक