आधी चिंचोके, मग कोडिंग

"सर, कोडिंग कधी सुरू करणार?" सुट्टीतल्या गणितवर्गात पालकांचा पहिला प्रश्न हाच. मी म्हणतो, आधी मूठभर चिंचोके देऊन पाठवा.

गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा 'गेम ऑफ लाइफ' मी कार्डशीटवर चौकटी आखून शिकवतो. खुद्द कॉनवेंनीही केंब्रिजमध्ये तो गो खेळाच्या पटावर सोंगट्या मांडूनच घडवला. 1970 मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या मासिकातल्या सदरातून तो जगापुढे आला. चिंचोका असलेलं घर जिवंत, प्रत्येक घराला आठ शेजारी. जिवंत घराचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असले तर ते टिकतं, एरवी मरतं; रिकाम्या घराला नेमके तीन असले की तिथे जन्म. तीन चिंचोके आडव्या रांगेत मांडा, पुढच्या पिढीत रांग उभी, मग परत आडवी. हे दोनाचं आवर्तन.

इथेच मुलं गडबडतात. एक चिंचोका उचलतात आणि बदललेल्या पटावर पुढचं घर मोजतात. निकाल सगळ्यांचा आधी, हालचाल नंतर, हे बोटांना कळावं लागतं. म्हणून मरणाऱ्याजवळ वाटाणा, जन्माच्या घरात हरभरा. नुसतं बटण दाबणाऱ्याला ही अडचण कधी भेटतच नाही.

"पण शेवटी अशी आवर्तनं संगणकच शोधतो ना?" शोधतो, पण कुठे? 20 बाय 20 च्या पटावर जेवढ्या मांडण्या होतात, त्यांची संख्या 1 वर 120 शून्यं यापेक्षा मोठी आहे. नजर तयार नसेल तर यंत्र काय करणार? प्रत्येक लांबीचं आवर्तन असतं का, हे ठरायला 53 वर्षं लागली. तीन आणि पंधराची आवर्तनं सुरुवातीलाच मिळाली. 2013 मध्ये माइक प्लेल यांनी 'स्नार्क' शोधला. तिरकी सरकणारी 'ग्लायडर' ही पाच घरांची आकृती त्यावर आदळून काटकोनात वळते. चार स्नार्क नीट मांडले की ग्लायडर फिरतच राहतो. अंतरं आणि ग्लायडरांची संख्या बदलून 43 पासून पुढचं कुठलंही आवर्तन साधतं. त्याखालची मात्र एकेक करून हुडकावी लागली, त्यातही कितीतरी हौशी मंडळींनी. शेवटची दोन, 19 आणि 41, सापडली 2023 मध्ये.

माझ्याकडे दहा चिंचोक्यांची रांग पंधराच्या आवर्तनात नेऊन दाखवली की मगच संगणक मिळतो. सातवीतल्या एका मुलीने मध्येच विचारलं, "सर, डावी बाजू उजवीसारखीच होतेय, अर्धंच मोजू?" मोज म्हटलं. थोड्या वेळाने ती पावच पट मोजत होती. आवर्तनं शोधणारे प्रोग्रामही बरेचदा सममिती धरून असंच काम कमी करतात.