खोलीतला बोरघाट

आगगाडीची छोटी प्रतिकृती करण्याचा छंद ज्याला जडतो, त्याला पहिला धडा मिळतो तो गणिताचा. या छंदात जगभर सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण एकास सत्त्याऐंशी असे आहे. त्याला ‘एचओ’ म्हणतात. सत्त्याऐंशी फुटांची वस्तू एका फुटात बसवायची, एवढाच त्याचा अर्थ. या प्रमाणात प्रवासी डबा वीतभर लांबीचा होतो, माणूस दोन सेंटिमीटरचा होतो आणि स्थानकाची इमारत जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत उभी राहते. इथपर्यंत सारे सोपे असते. परंतु लोणावळ्याच्या वा खंडाळ्याच्या एखाद्या घरातील गृहस्थ जेव्हा खिडकीतून दिसणारा बोरघाटच आपल्या खोलीत आणू पाहतो, तेव्हा हिशेब त्याला थांबवतो.

बोरघाटाचा मूळ चढणमार्ग सुमारे पावणेसोळा मैलांचा. त्यात गाडी १८३१ फूट वर चढत असे. वाटेत २५ बोगदे आणि ८ मोठे कमानी पूल होते. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात हा मार्ग सुमारे २९० मीटर लांब होईल आणि त्याचा माथा जमिनीपासून सहा मीटरांहून अधिक उंच जाईल. एवढी जागा कोणाच्या घरी असते? अत्यंत तीव्र चढ ३७ फुटांमागे १ फूट असा होता. तो तंतोतंत पाळायचा तर रूळ केवळ पाच सेंटिमीटर उचलण्यासाठी १८५ सेंटिमीटर लांबी खर्ची पडते. म्हणून काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवणे हेच या छंदाचे खरे काम आहे. कोणी एकच बोगदा आणि एकच पूल घेतो. कोणी केवळ खंडाळ्याचे स्थानक घेतो. व्रती श्रावकाला हा विचार परका वाटू नये. परिग्रहाचे परिमाण करणारा माणूसही आपल्या घरापुरते हेच करीत असतो.

तरीही धर्मनिष्ठ घरात एक प्रश्न विचारला जातोच, आणि तो टाळण्यासारखा नाही. गादी मुलांच्या हाती सोपवून मोकळा झालेला व्यापारी दिवसाचे दोन तास खेळण्यातल्या गाडीवर घालवू लागला, तर ते अनर्थदंडात मोडत नाही काय? श्रावकाच्या तीन गुणव्रतांमध्ये अनर्थदंडविरमण सांगितले आहे. ज्यातून प्रयोजन साधत नाही आणि प्रमाद मात्र वाढतो, असे आचरण सोडावे, हा त्याचा आशय. छंदाचे उत्तर या कसोटीवरच द्यावे लागेल. परदेशी बनावटीची इंजिने एकामागून एक घ्यायची, काचेच्या कपाटात मांडायची आणि पाहुण्यांना त्यांच्या किमती सांगायच्या, असा छंद असेल तर वडीलधाऱ्यांचा आक्षेप रास्तच आहे. पण छंदामुळे माणूस आपल्याच अंगणातील घाटाचा इतिहास वाचू लागला, तर त्याच्या हाती काय येते, हे पाहण्याजोगे आहे.

मावळ ही मुळातच वाटसरूंची आणि व्यापाऱ्यांची भूमी. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल घाट चढून देशावर जाई, आणि त्या वाटेवरच कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी कोरली गेली. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये श्रेष्ठी आहेत, सामान्य गृहस्थही आहेत. याच मावळातील पाले गावाच्या लेण्यात अरहंतांना नमन करून सुरू होणारा प्राचीन ब्राह्मी शिलालेख आहे. लेणे आणि पाण्याचे टाके करविल्याची नोंद त्यात आहे. वाटेवर दान म्हणून पाणी ठेवावे, ही भावना आगगाडीच्या कितीतरी शतके आधीची आहे. पुढे १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला, आणि बैलांच्या पाठीवरील माल चाकांवर आला.

आगगाडी त्यानंतरची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. रूळ पुढे पुण्याच्या दिशेने निघाले ते सह्याद्रीच्या पायथ्याशी अडले. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा वरचा लोहमार्ग सुरू झाला, पण खालचा आणि वरचा रूळ जोडणारा घाट अजून तयार नव्हता. मधली काही वर्षे प्रवासी खालच्या टोकाला गाडीतून उतरत, पालखीतून वा तट्टावरून घाट चढत आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसत. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातील लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईची पेठ व पुण्याची पेठ अखंड रुळांनी जोडली गेली. पुणे, तळेगाव, वडगाव, लोणावळा या ठिकाणी स्थिरावलेल्या कितीतरी व्यापारी घराण्यांच्या पेढ्यांवर याच मार्गाने माल आला आहे.

या बांधकामाची किंमत मात्र वह्यांत लिहिलेल्या रकमेपुरती नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी मार्ग आखला आणि फॅव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराने काम घेतले. मजुरी वेळेवर मिळत नाही, पुरेशी मिळत नाही, या कारणाने १८५९ च्या आरंभी घाटातील मजुरांचा असंतोष उफाळला आणि दंगा झाला. त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडले. नंतर सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार आला, आणि भारतात पाऊल ठेवल्यापासून काही दिवसांतच त्याचा मृत्यू झाला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडून मायदेशी परतण्याऐवजी ते स्वतःकडे घेतले, जाणत्या अभियंत्यांवर देखरेख सोपवली आणि काम तडीस नेले. घाटातील बांधकामाची तिने काढलेली छायाचित्रे आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. पतीच्या पश्चात दुकान सांभाळणाऱ्या स्त्रिया आपल्या समाजात अनेक घरांनी पाहिल्या आहेत. त्यांना ॲलिसच्या निर्णयाचे वजन कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

काम ऐन भरात असताना या घाटात एका वेळी ४० हजारांहून अधिक माणसे राबत होती. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. कड्यावरून दोरांनी खाली सोडलेले मजूर सुरुंगासाठी भोके पाडीत. पटकीच्या साथींनी, तापाने आणि अपघातांनी हजारो जीव गेले. त्यांची नावे कोणत्याही स्थानकावर कोरलेली नाहीत. घाटाची प्रतिकृती करणारा माणूस डोंगराला हिरवा रंग देतो, धबधबा लावतो, चकचकीत इंजिन सोडतो, आणि चित्र सुंदर होते. पण या चित्रात मजुरांची वस्ती कोठे आहे, हा प्रश्न त्याला एखाद्या रात्री पडला, तर छंदाने आपले काम केले असे समजावे. आपण उपभोगीत असलेल्या सोयीमागे किती जीवांचे कष्ट आहेत, याचे भान ठेवणे ही अहिंसेची पहिली पायरी आहे. रुळांच्या कडेला चार झोपड्या आणि टोपली घेतलेल्या दोन सेंटिमीटरच्या दोन स्त्रिया उभ्या करायला फार खर्च येत नाही.

घाट चालतो कसा, हेही मुलांनी पाहण्यासारखे असते. खंडाळ्याजवळ पूर्वी उलटफेरीचे स्थानक होते. गाडी तेथे पुढे जाऊन रुळाच्या टोकाशी थांबे. इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूस जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. १९२९ साली नव्या बोगद्यांचा मार्ग झाला आणि हे स्थानक बंद पडले. त्याच सुमारास घाटात विजेची इंजिने आली. मालगाड्यांसाठी आणलेल्या इंजिनांना युरोपातील त्यांच्या भावंडांवरून मगर म्हणत. घाटातील कामगारांनी त्यांना खेकडा हे नाव दिले. वळणावर अंग दुमडणारे, पुढे-मागे लांब नाक असलेले ते यंत्र पाहिले की नाव पटते. त्यांपैकी एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपले आहे. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे धावू लागलेल्या दख्खनच्या राणीचा डौल घाटातील याच विजेवर उभा राहिला.

आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात आणि वर आल्यावर ती सुटतात. उतरणाऱ्या गाडीसाठी मात्र वेगळा नियम आहे. घाटात ठिकठिकाणी मुख्य मार्गातून फुटून डोंगराकडे चढत जाणारे छोटे रूळ आहेत. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच, तर ती त्या चढावर जाऊन थांबावी अशी ही योजना. म्हणून उतरणारी गाडी ठरलेल्या जागी आधी पूर्ण थांबते, ब्रेक शाबूत असल्याची खात्री पटते आणि मगच मुख्य मार्ग तिच्यासाठी खुला होतो. चढताना बळ लागते, उतरताना संयम लागतो, आणि तो शब्दाने नव्हे, थांबून सिद्ध करावा लागतो. नातवाला हे सांगण्यासाठी प्रवचनाची गरज नाही. लाकडी फळीवर असा एक चढता रूळ जोडून दाखवला की पुरे.

घरी असा मांड तयार करण्यास मोठा खर्च लागतोच असे नाही. जाड पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रे आणि प्लास्टर यांतून डोंगर होतो. चहाचा वाळवलेला चोथा मातीचे काम करतो. रंगवलेला लाकडाचा भुसा गवत होतो. जैन घराने दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. सुताराचा पारंपरिक सरस प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून बनतो, म्हणून त्याऐवजी डिंक वा कृत्रिम गोंद वापरावा. रंगकामाचे कुंचलेही प्राण्यांच्या केसांचे नसून कृत्रिम तंतूंचे असावेत. आणखी एक गंमत जाणत्यांना ठाऊक असते. आपल्या रुंद मार्गाच्या दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर. या प्रमाणात ते १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक यायला हवे. बाजारात मिळणारा रूळ मात्र परदेशी मापाचा, १६.५ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे भारतीय गाडी त्यावर किंचित अवघडून उभी दिसते. काही साधक नवा रूळ स्वतः घडवतात. बाकीचे ही उणीव मान्य करून पुढे जातात.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. बालपणीचा छंद आयुष्यभर जोपासून त्यांनी तो १९९८ साली सर्वांसाठी खुला केला. एकट्याच्या कपाटातील संग्रह अशा रीतीने गावाचा झाला की परिग्रहाचा दोष पुष्कळसा ओसरतो. लहान रूपात मोठे पाहण्याची रीत आपल्यालाही नवी नाही. मंदिरांतून समवसरणाची रचना मांडली जाते, जंबूद्वीपाची रचना केली जाते. अजमेरच्या सोनीजींच्या नसियाँमध्ये सोनेरी अयोध्यानगरी उभी आहे. त्या रचनांचा हेतू अर्थातच वेगळा आणि उच्च आहे. पण डोळ्यांत न मावणारे समजून घेण्यासाठी हाताने लहान करून मांडावे, ही बुद्धी एकच.

आणि बोरघाटाच्या प्रतिकृतीत आणखी एक वाट ठेवावी. चातुर्मास संपला की साधू-साध्वी पुन्हा विहाराला निघतात. मुंबई आणि पुणे यांच्यामधला हा घाट ते आजही पायीच चढतात वा उतरतात. दृष्टी पुढील चार हात जमिनीवर ठेवून, पायाखाली जीव येऊ नये म्हणून जपत. वरच्या बोगद्यातून गाडी जाते, तेव्हा तिच्यात त्यांचेच श्रावक बसलेले असतात. रुळांच्या खालच्या अंगाला एक अरुंद पायवाट आणि तिच्यावर पांढऱ्या वस्त्रांतील तीन लहान आकृती एवढे जरी त्या फळीवर आले, तरी घाट पूर्ण होतो. मग नातू गाडीचे बटण दाबण्याआधी क्षणभर थांबेल आणि विचारील, “आजोबा, हे पायी का चालले आहेत?” त्या प्रश्नाचे उत्तर देता येईल अशा घरात दोन तासांचा छंद अनर्थ ठरत नाही.